२४०डीच्या पंपाचा स्क्रू फिरवण्याआधी एवढं पाहून घेजा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला, बाकीच्यांना समजावं म्हणून थोडक्यात मांडतो. हिंगणघाटकडच्या गावात मोठ्या बाबांची १९८२ ची मर्सिडीज २४०डी, कापसाच्या गोडाऊनमध्ये काही वर्षं उभी होती, आता बॅटरी टाकून चालू केली तर सकाळी पांढरा धूर फेकते, आयडलवर (अ‍ॅक्सिलेटर न दाबता नुसती चालू असताना) अंगात आल्यासारखी हालते, चढावर काळा धूर सोडते अन पिकअप म्हणून नाही. गावातल्या मिस्त्रीनं सांगितलं की इंजिनला डिझेल देणाऱ्या पंपाच्या मागचा स्क्रू दीड आटा फिरवला की पिकअप येते, नाही आलं तर इंजिनच बदलून टाका. तुम्ही विचारून राहिले की स्क्रू कोणता अन किती फिरवाचा.

एकही नाही बापा. सध्या तरी पंपाला हात लावू नका. अन इंजिन बदलण्याचा विषय तर डोक्यातूनच काढा, कारण तुमच्या गाडीत जे ओएम ६१६ इंजिन आहे तेच इंजिन बजाज टेम्पोनं, म्हणजे आताच्या फोर्सनं, मर्सिडीजच्या लायसन्सवर इथं बनवलं अन ट्रॅक्समध्ये टाकलं. आपल्याकडच्या काळी-पिवळ्या कोणत्या इंजिनवर चालल्या मंग? बारा-पंधरा सवाऱ्या कोंबून, दोन टपावर बसवून, यवतमाळ-वणी रोडवर वर्षानुवर्षं. माझं सगळं आयुष्य याच इंजिनात गेलं. मर्सिडीजचं नाव ऐकून मिस्त्री लोक घाबरतात, पण बॉनेट उघडलं की आत आपलीच ओळखीची चीज आहे. सगळेच पार्ट एकमेकांना बसतात असं नाही हं, नंबर जुळवूनच घ्याचे, पण समजण्यासारखं काही वेगळं नाही.

पहिले पंप करते काय ते समजून घ्या, म्हणजे स्क्रूचा मोह जाईल. तुमचा बॉशचा इनलाइन पंप आहे, एका रांगेत चार एलिमेंट, प्रत्येक सिलिंडरला एक. एलिमेंट म्हणजे बॅरलमध्ये वरखाली होणारा प्लंजर. त्याचा स्ट्रोक कायम तेवढाच राहतो, तुम्ही अ‍ॅक्सिलेटर दाबा का सोडा. प्लंजरच्या अंगावर तिरपी खाच कापलेली असते, रॅक, म्हणजे अ‍ॅक्सिलेटरनं सरकणारी पंपातली दांडी, सरकली की प्लंजर आपल्याभोवती फिरतो अन ती खाच बाजूच्या भोकासमोर लवकर किंवा उशिरा येते, भोक उघडलं की प्रेशर सुटलं, इंजेक्शन बंद. म्हणजे डिझेल जाणं सुरू व्हायची वेळ ठरलेली, बंद व्हायची वेळ बदलते, अन त्यावरच कमी-जास्त डिझेल. मागं गव्हर्नर, म्हणजे इंजिनचा वेग आवरणारा भाग, बसला आहे तो वजनं अन स्प्रिंगच्या जोरावर रॅकला आवरून धरतो. प्लंजर अन बॅरलमधली फट मायक्रॉनमध्ये मोजाची गोष्ट आहे. त्याच्यात सेन्सर नाही, वायर नाही, अन बिघडायला फारसं काही नाही, जोपर्यंत त्याच्यात घाण, पाणी नाहीतर कोणाचा तरी स्क्रूड्रायव्हर जात नाही.

तो मागचा स्क्रू फिरवला तर होते काय? फुल लोडचं, म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर जाणारं, डिझेल वाढते. तुमची गाडी आताच काळा धूर देऊन राहिली, म्हणजे जे डिझेल जाते तेच पूर्ण जळत नाही, त्याच्यात अजून टाकून काय फायदा? धूर वाढन, उष्णता वाढन, अन आपल्याकडं मे महिन्यात ४५ च्या वर पारा असताना लोड घेऊन चालवली की हेड नाहीतर पिस्टन खाऊन बसन. ट्रॅक्सवाले करत होते हे, सवाऱ्या जास्त बसवाच्या म्हणून पंप वाढवून घ्याचे, अन मंग हेड गॅस्केटचं काम निघालं की नशिबाला दोष द्याचे.

आता कामाला लागा. उभ्या राहिलेल्या गाडीत पहिला संशय डिझेलवर. टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढून टाका, वरून दोन डबे नवीन ओतून भागत नाही. टाकीच्या बुडाशी आतून एक जाळीची चाळणी आहे, मोठ्या नटवर बसवलेली, ती काढून पाहजा, काळा चिकट गाळ हमखास बसलेला असते. डिझेल अन पाण्याच्या मधात वाढणारा जंतूंचा गाळ आहे तो. टाकीचं झाकण उघडताना सुस्स असा हवा ओढल्याचा आवाज आला तर टाकीची श्वासनळी बंद आहे, अशी गाडी थोडं चालून दम सोडते अन लोक पंपाला शिव्या देतात. मंग पुढचा छोटा पारदर्शक फिल्टर अन मोठा फिल्टर दोन्ही नवीन. डिझेल पेट्रोल पंपावरून सरळ टाकीत घ्या, शेतातल्या मोटरसाठी ड्रममध्ये भरून ठेवलेलं या गाडीत टाकू नका, पावसाळ्यात त्या ड्रमच्या बुडाला पाणी असतेच. अन रॉकेल मिसळलेलं तर अजिबात नाही, या पंपाचे एलिमेंट डिझेलच्याच चिकटपणावर चालतात, त्यांना दुसरं वंगण नाही.

एप्रिल २०२० पासून आपल्याकडं बीएस-६ चं १० पीपीएम सल्फरवालं डिझेल आहे, त्यानं जुना पंप घासते का हेही तुम्ही विचारलं. वंगणपणासाठी त्याच्यात तेल कंपनीच अ‍ॅडिटिव्ह टाकते, त्यामुळं प्लंजरची काळजी नको. पण चाळीस वर्षांचे रबरी ओ-रिंग अन सील कडक झालेले असतात, नव्या डिझेलवर ते पाझरायला लागू शकतात. पंपाच्या डोक्यावर डिलिव्हरी होल्डरपाशी, म्हणजे इंजेक्टरकडं जाणारे पाइप जिथं लागतात तिथं, ओलं दिसलं तर ते सील बदलाचं काम आहे, पंप खराब झाला असं नाही.

आता डिझेलच्या लाइनमध्ये शिरणारी हवा. इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, डोक्यावरून जाणारे जे कापडी वेटोळ्याचे छोटे रिटर्न पाइप आहेत ते जुने झाले की बोटानं चुरगळतात. सगळे बदला, किलोभर वांग्याच्या भावात मीटरभर येतो. डिझेलचे पाइप जोडणारे जे पोकळ बँजो बोल्ट आहेत त्यांचे वॉशर पण नवीन. मंग हँडपंपनं हवा काढा, इंजेक्टरकडचे पाइपचे नट ढिले करून सेल्फ मारा, डिझेल आलं की कसा. सेल्फ एका दमात अर्ध्या मिनिटाच्या वर मारू नका, थंड होऊ द्या. इथं एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, इंजेक्टरच्या फवाऱ्यासमोर किंवा फुटलेल्या पाइपसमोर बोट कधीच न्याचं नाही. शंभर बारच्या वरचा फवारा कातडीतून आत जातो, वरून टाचणीएवढं भोक दिसते, दुखत पण नाही सुरुवातीला, पण आत डिझेल पसरते अन बोट कापाची वेळ येऊ शकते. तसं झालं तर घरगुती मलम लावून बसू नका, सरळ सर्जन असलेल्या दवाखान्यात जा, अन आत डिझेल गेलं आहे हे स्पष्ट सांगा.

एअर फिल्टर तुम्ही पाहिला का? गोडाऊनमध्ये उभी होती म्हणता, तर तिथं कापसाची तूस किती उडते हे मी तुम्हाला सांगाची गरज नाही. काळ्या धुराचं पहिलं कारण हवा कमी. फिल्टर काढून उन्हात धरून पाहजा, उजेड आरपार दिसला पाहिजे. उंदरानं इनटेकमध्ये सरकीचं घर केलेलं पण मी पाह्यलं आहे.

अन आता एकदम फुकटातली तपासणी, जी कोणीच करत नाही. एका माणसाला आत बसवून अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबाला सांगा, इंजिन बंद ठेवून, अन तुम्ही पंपावरचा लिव्हर पाहा. तो शेवटच्या स्टॉपला टेकते का? या गाडीची लिंकेज म्हणजे दांड्या, बॉल जॉइंट अन बुश, सगळे थोडे थोडे झिजले की पेडल जमिनीला टेकते पण लिव्हर पाऊणच जातो. दांडीची लांबी सेट करा, बुश बदला. पंप न उघडता पंपाची पूर्ण ताकद परत मिळते.

ताकदीवरून आठवलं. २४०डी तिच्या तरुणपणीसुद्धा ७२ हॉर्सपॉवरचीच होती, २.४ लिटर, टर्बो नाही, अन वजन चौदाशे किलोच्या आसपास. शंभरचा स्पीड पकडाला वीस सेकंदांच्या वर घ्याची, नवी असताना. तेव्हा बाजूनं बोलेरो निघून गेली म्हणून पंपात दोष शोधू नका, ती गाडी तशीच आहे.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं. हे काम पंपाच्या आधीच कराचं, कारण या इंजिनचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत जातात अन फट कमी होत जाते, शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही, कंप्रेशन जाते, सकाळी पांढरा धूर अन झटके. तुमची लक्षणं ऐकून मला पंपाच्या आधी हेच वाटून राहिलं. इंजिन थंड असताना इनटेक ०.१० मिलिमीटर अन एक्झॉस्ट ०.३०. लॉकनट अन अ‍ॅडजस्टर दोन्हीला १४ चे पातळ वाकडे पाने लागतात, ट्रॅक्सचं काम करणाऱ्या कोणत्याही जुन्या मिस्त्रीच्या पेटीत सापडतील. इंजिन फिरवाचं ते क्रँकच्या बोल्टवर २७ ची गोटी (सॉकेट) लावून, घड्याळाच्या दिशेनंच, कॅमच्या बोल्टवरून फिरवू नका. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

त्याच्यासोबत हीटर प्लग, थंड इंजिन चालू करताना आत गरम करणारे. १९८० नंतरच्या गाडीत पेन्सिल प्लग आहेत, प्रत्येकाची वायर वेगळी, म्हणून एखादा मेला तरी गाडी तिनावर चालू होते, हालत-डुलत, पांढरा धूर सोडत, अन दोन मिनिटांनी गरम झाली की शहाणी होते. वायर काढून प्रत्येक प्लग मल्टिमीटरनं पाहा, चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवते, मेलेला काहीच दाखवत नाही. याच्या आधीच्या जुन्या मॉडेलात प्लग एकामागं एक जोडलेले होते, एक गेला की चारही थंड, तुमचं तसं नाही.

एवढं करून कंप्रेशन मोजून घ्या. नवं इंजिन २२ ते २४ बार देते, १५ च्या खाली गेलं किंवा चारांमध्ये ३ पेक्षा जास्त फरक असला तर मंग पंप, नोझल सगळं विसरून इंजिनचा खर्च काढा. गेजचे पैसे वाचवून नोझलवर खर्च करणारे बरेच लोक पाहिले मी.

खराब नोझल (इंजेक्टरचं डिझेल फवारणारं टोक) ओळखाची देशी पद्धत सगळ्यांना माहीत आहे, गाडी आयडलवर ठेवून एकेका पाइपचा नट १७ च्या पान्यानं थोडा ढिला कराचा, फडकं धरून, डोळ्याला चष्मा लावून. ज्याचा नट ढिला केला अन आवाजात फरकच पडला नाही तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. ज्याचा नट ढिला करताच ठकठक बंद झाली त्याचं नोझल गळते. इंजेक्टर २७ च्या खोल गोटीनं निघतो, काढले की खालचं गोल हीट शील्ड वॉशर प्रत्येक वेळी नवीन टाकाचं, जुनंच परत दाबून बसवलं तर तिथून गॅस लीक होते. पंप-नोझलवाल्याकडं चारही एकत्र न्या अन टेस्टरवर स्वतः पाहा. नवं नोझल ११५ ते १२५ बारला उघडलं पाहिजे, वापरलेलं १०० च्या खाली गेलं तर बाद. पण आकड्यापेक्षा मी चारही एकसारखे उघडतात का ते पाहतो, आयडलवरची हालचाल बहुतेक तिथंच असते. टेस्टरचा हात हळू दाबला की नोझल कुरकुरलं पाहिजे, फवारा सरळ अन बारीक, अन प्रेशर थोडं कमी धरून ठेवलं तर टोकाला थेंब जमला नाही पाहिजे. सेटिंग आतल्या शिमनं, म्हणजे पातळ चकत्यांनी, होते. त्याला सांगजा की तुमच्यासमोर करून दे, 'संध्याकाळी या' म्हणणाऱ्याकडं ठेवू नका.

आता टायमिंग, खरं ट्यूनिंग म्हणाल तर हेच. पंप टायमिंग चेनवर चालतो, चेन वर्षानुवर्षं लांबत जाते अन पंप मागं पडत जातो. टायमिंग मागं पडलं की थंडीत पांढरा धूर अन सुस्ती, पुढं गेलं की कडक ठोका. या इंजिनला डिझेल जाणं सुरू झालं पाहिजे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन टॉपला, म्हणजे एकदम वर, येण्याच्या २४ अंश आधी. ते पाहाची जुनी पक्की पद्धत म्हणजे थेंब मोजणं.

पंपाच्या चारी बाजू आधी डिझेलनं धुवून पुसून घ्या, घाण आत गेली तर सगळी मेहनत पाण्यात. एक नंबरचा पाइप काढा, त्याचा डिलिव्हरी होल्डर दातेरी गोटीनं उघडा, साधा पाना लावून दाते खराब करू नका. आतून स्प्रिंग अन छोटा व्हॉल्व्ह निघते, स्वच्छ वाटीत डिझेलमध्ये बुडवून झाकून ठेवा. होल्डर रिकामाच परत लावा अन त्याच्यावर वाकवलेली छोटी नळी बसवा, तोंड खाली. पंपाचा लिव्हर फुलवर बांधून ठेवा, तारेनं, अन मागच्या बंद करणाऱ्या व्हॅक्यूम व्हॉल्व्हचा पाइप काढून ठेवा. डिझेल द्याला हँडपंप चालते पण त्याचा झटका बसते, थेंब नीट मोजता येत नाही. मी सलाइनची बाटली वापरतो, गाळलेलं डिझेल भरून बॉनेटच्या वरच्या टोकाला टांगाची अन नळी पंपाच्या इनलेटला. एकसारखी धार येते.

आता क्रँक हळूहळू फिरवा, एक नंबर कंप्रेशनवर येऊ द्या. आधी नळीतून धार पडते. पुढं जाल तशी धार बारीक होते, तुटते, थेंब थेंब होते. जिथं सेकंदाला एक थेंबाच्या आसपास आलं तिथं थांबा, हात काढा, अन क्रँकच्या पुढच्या टोकावरचं चाक, म्हणजे डॅम्पर, त्याच्यावरचा आकडा पाहा. २४ आला तर पंप जागेवर आहे. थोडं पुढं निघून गेलं तर मागं फिरवून जुळवू नका, चेनची ढिलाई घुसते, पूर्ण दोन चक्कर देऊन परत या. आकडा कमी आला, समजा २० किंवा १८, तर पंप उशिरा चालून राहिला. सगळे पाइपचे नट ढिले करा, पंपाचे पुढचे तीन नट अन मागच्या आधाराचा बोल्ट ढिला करा, अन पंपाचं डोकं इंजिनकडं ढकला, तसं केलं की टायमिंग लवकर होते, इंजिनपासून बाहेर ओढलं की उशीर. अगदी केसभर हलवाचं, परत थेंब पाहाचे. दुपारची कामं सोडून हे काम करा, घाई असली तर सुरूच करू नका.

जमलं की व्हॉल्व्ह-स्प्रिंग परत, तांब्याचं वॉशर नवीन, अन होल्डर टॉर्क रेंचनंच, मॅन्युअलच्या आकड्यावर, दोन-तीनदा कसून-सोडून. अंदाजानं ताकद लावली तर बॅरल वाकडी बसते अन तो सिलिंडर कायमचा रुसतो. पंप पूर्ण सरकवूनही २४ मिळत नसेल तर चेन गेली आहे, तिथं चेनचं काम करा.

आयडल शेवटी, गरम इंजिनवर, ७०० ते ८०० च्या मधात. त्याच्या आधी डॅशबोर्डवरचा आयडलचा गोल खटका पूर्ण बंद बाजूला फिरवून घ्या, तो अर्धा उघडा राहिला म्हणून लोक पंपावर आयडल कमी करत बसतात. अन चावी बंद करूनही गाडी बंद होत नसेल तर तोही पंपाचा दोष नाही, कुठंतरी व्हॅक्यूमचा रबर फाटला आहे, आपल्या उन्हात ते रबर टिकत नाहीत. तोपर्यंत बॉनेटखाली लाल स्टॉपचा लिव्हर आहे तो दाबून बंद कराची.

हे सगळं करून सुद्धा धूर अन झटके राहिले तरच पंप काढाचा, अन तो कॅलिब्रेशन स्टँड (पंप चालवून डिझेल मोजाचं मशीन) असलेल्या दुकानातच न्याचा, नागपूर-अमरावतीला जुने लोक आहेत अजून. त्याला सांगाचं की आयडलवर अन फुलवर चारही नळ्यांतलं डिझेल मोजून कागदावर लिहून दे, आधीचं अन नंतरचं. चारांत फरक असला तर तो बरोबर करन, फुल लोड कंपनीच्या आकड्यावरच ठेवाचं, 'थोडं वाढवून देऊ का' विचारलं तर नाही म्हणाचं, अन सील लावून घ्याचं. पंप परत बसवला की थेंबाचं काम पुन्हा पहिल्यापासून कराचं, स्टँडवर कितीही छान निघाला तरी, कारण पंप जागेवरून निघाला म्हणजे ते २४ अंश पण गेलेच.